ट्रायथलॉनचे पहिले सामान : गोदाकाठचा एक हिशेब

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे, याच क्रमाने आणि सलग. घड्याळ पाण्याच्या काठावर सुरू होते ते थेट शेवटच्या रेषेवर थांबते. मधे ओल्या पायांत बूट घालायला लागलेला वेळही त्यातच धरला जातो. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीत आला. तिथले अंतर दीड किलोमीटर पोहणे, चाळीस सायकल आणि दहा धावणे. त्याच्या निम्म्या अंतराला ‘स्प्रिंट’ म्हणतात : ७५० मीटर, २० किलोमीटर, ५ किलोमीटर. नवख्या माणसाने पहिल्यांदा उतरावे ते इथेच, आणि या लेखात जो हिशेब आहे तोही याच अंतराचा आहे.

मराठी घरांत हा शब्द पोहोचला तो बहुधा २०१५ साली. मिलिंद सोमण यांनी वयाच्या पन्नाशीत झ्युरिकची ‘आयर्नमॅन’ स्पर्धा १५ तास १९ मिनिटांत पुरी केली आणि वर्तमानपत्रांनी ती पहिल्या पानावरून सांगितली. २०१९च्या ऑक्टोबरात गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर निम्म्या अंतराची आयर्नमॅन झाली. कोल्हापूरला राजाराम तलावात पोहण्याचा टप्पा ठेवून स्पर्धा होऊ लागल्या. पुण्यामुंबईचे डॉक्टर, अभियंते, पोलीस अधिकारी उतरू लागले. मग आमच्यासारख्या गावांतली मुलेही विचारू लागली, ‘खर्च किती येतो?’

मी खेळाडू नाही. आकडेमोडीची खोड मात्र जुनी. तेव्हा काही वर्षे या खेळाच्या सामानाच्या याद्या जमवल्या, सायकलच्या दुकानांत बसून भाव विचारले, जिथे सूत्र लावता आले तिथे लावून पाहिले. त्यातून एक गोष्ट वारंवार दिसली. बाजारात फिरणाऱ्या याद्या थंड पाण्याच्या देशांतल्या, बऱ्यापैकी पगाराच्या माणसांसाठी केलेल्या आहेत. त्यांत पहिल्या तीन ओळी सर्वांत महागड्या वस्तूंच्या असतात : वेटसूट, कार्बनची सायकल, उपग्रहाशी बोलणारे घड्याळ. यांतले पहिले आपल्याकडे निरुपयोगी, दुसरे अनावश्यक, तिसरे हौसेचे. आणि ज्यावर आपला पैसा खरोखर जायला हवा ते पोहण्याचे शिक्षण यादीत नसतेच, कारण तिकडे ते शाळेतच झालेले असते असे गृहीत धरलेले असते.

हा खेळ मुळात महागड्या सामानाचा नव्हताच. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे इथे एका धावपटू मंडळाने गंमत म्हणून पहिली स्पर्धा घेतली. ४६ जण उतरले. सहा मैल धावणे, पाच मैल सायकल, पाचशे यार्ड पोहणे असा उलटा क्रम होता, आणि संध्याकाळी सुरू केल्यामुळे शेवटचे लोक पाण्यात असतानाच अंधार पडला. मोटारींचे दिवे लावून त्यांना काठ दाखवावा लागला. सायकली घरच्याच होत्या, बाजारहाटाच्या. चार वर्षांनी, फेब्रुवारी १९७८मध्ये, हवाईत पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा १५ जण निघाले आणि १२ पोहोचले. दुसरा आलेला जॉन डनबार याच्या मदतनिसांकडचे पाणी संपले, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. तो तरीही पोहोचला. यातून आहाराविषयी काही शिकावे असे मी म्हणत नाही. त्या काळात या खेळाचा थाट केवढा होता, एवढेच सांगायचे आहे.

आता आमचा नवखा कोण, ते पाहू. पुणतांबा गोदावरीच्या काठी, राहाता तालुक्यात. चांगदेव महाराजांच्या समाधीमुळे वारकऱ्यांना ठाऊक, जंक्शनमुळे रेल्वेवाल्यांना, आणि २०१७च्या शेतकरी संपामुळे साऱ्या देशाला. इथे पहाटे रस्त्यावर निघालात तर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलेमुली पळताना दिसतील. सोळाशे मीटरचा वेळ त्यांना तोंडपाठ असतो. बूट असतात, सायकल घरात कुठेतरी असते. धावणे येते, सायकल येते. पोहणेही ‘येते’. पण ते विहिरीतले.

म्हणून पाण्यापासून सुरुवात करतो. सर्वांत जास्त लिहायचे आहे तेही पाण्याबद्दलच.

वेटसूट हा रबरासारख्या जाड कापडाचा अंगाबरोबरचा पोशाख. तो ऊब देतो आणि तरंगायलाही मदत करतो. म्हणूनच त्यावर नियम आहेत. जागतिक संघटनेच्या नियमांत हौशी स्पर्धकांना दीड किलोमीटरपर्यंतच्या पोहण्यात पाणी २२ अंश सेल्सिअस किंवा त्याहून उबदार असले की वेटसूट चालत नाही. आयर्नमॅनमध्ये ही रेषा साडेचोवीस अंशांच्या आसपास आहे. त्यावर घातलात तर बक्षिसाच्या यादीतून बाद. गोव्याचा समुद्र ऑक्टोबरात याहून बराच उबदार असतो. म्हणजे परदेशी यादीतली पंधरा-वीस हजारांची पहिली ओळ आपण खोडून टाकायची.

उरते काय? गॉगल, पोहण्याचा पोशाख, टोपी. टोपी बहुतेक आयोजक देतात. गॉगलसाठी चार-पाचशे रुपये पुरतात, पण तो नेटवर चित्र पाहून घेऊ नये. पट्टा डोक्यामागे न घेता काचा नुसत्या डोळ्यांवर दाबाव्यात; क्षणभर चिकटून राहिल्या तर गॉगल तुमच्या चेहऱ्याचा. पडल्या तर कितीही भारी असो, पाणी आत येणारच, आणि खुल्या पाण्यात गॉगलमध्ये शिरलेले पाणी नवख्याला जेवढे घाबरवते तेवढे दुसरे काही घाबरवत नाही. स्पर्धा बहुधा सूर्योदयाला सुरू होते. पोहण्याची दिशा पूर्वेकडे असेल तर गडद काच घ्यावी. एरवी साधी चालते.

पोशाखाबद्दल पुरुषांना फार सांगायला नको. गुडघ्यापर्यंतची घट्ट नायलॉनची चड्डी पुरे. सुती चड्डी पाणी पिऊन जड होते आणि पुढे सायकलवर मांड्या सोलून काढते. मुलींचा प्रश्न वेगळा आणि खर्चाचाही. गावात मुली विहिरीवर किंवा नदीवर शिकतात त्या सलवार-कुडत्यावर. सैल कापड पाण्यात पायांना गुंडाळते, ओढ धरते. ते धोक्याचे आहे. पायाच्या घोट्यापर्यंत आणि बाह्यांसकट येणारे पूर्ण अंगाचे पोहण्याचे सूट आता हजार-दीड हजारात मिळतात. त्यात अंग झाकलेले राहते आणि पोहताही येते. ज्या घरात ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न आहे, त्या घरात माझ्या मते सर्वांत मोलाची खरेदी हीच आहे, कारण ती नसेल तर मुलगी पाण्यात उतरतच नाही. शर्यतीत त्याच सूटवर टी-शर्ट चढवून पुढचे दोन टप्पे करता येतात.

मात्र या सगळ्या वस्तूंपेक्षा मोठा खर्च पाण्याचा आहे, म्हणजे सुरक्षित पाण्यापर्यंत जाण्याचा. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमध्ये झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना यांचा अभ्यास झाला. १३५ घटनांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. स्प्रिंटमध्ये पोहण्याला एकूण वेळाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो. धोक्याचा मात्र दोन तृतीयांश भाग तिथे आहे. पैसा वाटताना वेळेचे प्रमाण पाहू नये, हे पाहावे.

आमच्याकडे पाण्याचे तीन पर्याय लोक सांगतात. पहिला गंगा, गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. वर्षातले बरेच महिने पात्रात डबकी असतात, आणि पावसाळ्यात गंगापूर-दारणाचे पाणी नांदूरमध्यमेश्वरवरून सुटले की तीच नदी काही तासांत घाटाच्या पायऱ्या गिळते. डबक्यात पोहून उपयोग नाही, विसर्गात पोहायचे नाही. वाळू उपसल्याचे खड्डे तर वरून दिसतच नाहीत. दुसरा पर्याय शेततळे. पाणी स्वच्छ, निळे, लांबी भरपूर, फुकट. आणि हाच सर्वांत घातक. प्लॅस्टिकच्या उतारावर शेवाळ धरते, हाताला काही लागत नाही, पट्टीचा पोहणारासुद्धा काठावरून घसरून घसरून थकतो. शेततळ्यात बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. सरावासाठी शेततळे कधीही नाही, कुणी सोबत असला तरी नाही. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही त्याच उतारावर घसरतो.

तिसरा पर्याय विहीर. पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून आमच्या पिढीने तिथेच हातपाय मारले. विहिरीने भीती जाते, हे तिचे उपकार. पण वीस-पंचवीस फुटांच्या गोलात सरळ पोहता येत नाही, आणि तिथली सवय डोके वर काढून हात मारण्याची. डोके वर गेले की कंबर आणि पाय खाली जातात. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट. त्यात आडवे शरीर आणि तिरके शरीर यांतला फरक कुठलीही वस्तू विकत घेऊन भरून निघत नाही. तोंड पाण्यात ठेवून, बाजूला वळवून श्वास घेणे हेच शिकायला हवे, आणि ते पंचवीस मीटरच्या तलावात, शिक्षकासमोर, दोन-तीन महिन्यांत येते. जवळ तलाव नसेल तर नाशिकच्या सावरकर तलावासारख्या महापालिकेच्या तलावांत सुटीच्या महिन्यात राहून शिकणे, नातेवाइकाकडे उतरणे, हे करावे लागेल. प्रवास, फी, राहणे मिळून जो काय खर्च येईल तो ‘सामान’ या सदरात पहिल्या ओळीवर लिहावा. सायकलमधून कापून लिहावा.

खुल्या पाण्यात सराव करायचा तर कमरेला दोरीने बांधायचा नारिंगी फुगा मिळतो. हजाराच्या आत-बाहेर. भोपळ्याचाच हा नवा अवतार. फरक इतकाच की तो मागे तरंगतो, पोहण्याला आड येत नाही, दम लागला तर धरता येतो आणि काठावरच्याला लांबून दिसतो. फुगा म्हणजे जीवरक्षक जॅकेट नव्हे. काठावर पोहणारा माणूस आणि दोर हवाच.

आता सायकल. सगळ्यांचे पैसे जातात ते इथे.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची ताकद दोन ठिकाणी खर्च होते : हवा बाजूला सारण्यात आणि टायर रस्त्यावर दबत जाण्यात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यासाठी लागणारी ताकद घनाच्या. आणि त्या विरोधातला तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा सायकलचा नसून तिच्यावर बसलेल्या देहाचा असतो. हे धरून मी एक हिशेब मांडला. स्वार आणि सायकल मिळून वजन ८० किलो, वारा नाही, चढ नाही, सतत १५० वॅट ताकद. म्हणजे जुन्या धाटणीच्या दोन छतपंख्यांना लागते तेवढी. रोज सायकल मारणारा तरुण एवढी ताकद तासभर देऊ शकतो.

साधी गिअरची, सरळ दांड्याची सायकल, गुळगुळीत टायर, पुरेशी हवा, ताठ बसलेला स्वार : वेग ताशी २७ किलोमीटर, वीस किलोमीटरला साडेचव्वेचाळीस मिनिटे. त्याच सायकलला गोटीदार टायर आणि कमी हवा : वेग २५, वेळ ४८ मिनिटे. आता टायर पहिल्यासारखे चांगले ठेवून वाकड्या हँडलची रेसर सायकल, स्वार पुढे वाकलेला : वेग ३०च्या जवळ, वेळ सुमारे ४० मिनिटे. आणि पहिल्याच सायकलचे वजन दोन किलोंनी कमी केले तर? वीस किलोमीटरमध्ये वाचतात सुमारे पाच सेकंद.

हे सूत्राचे आकडे आहेत, रस्त्यावर थोडे इकडेतिकडे होतील. पण प्रमाण बदलणार नाही. तीस-पस्तीस हजारांची रेसर सायकल चार मिनिटे वाचवते. दीड-दोन हजारांची गुळगुळीत टायरची जोडी आणि भरलेली हवा साडेतीन मिनिटे वाचवते. दोन किलो वजन घटवायला दुकानदार दहा-वीस हजार मागतो आणि पाच सेकंद देतो. तेवढा वेळ पाण्यातून बाहेर येऊन चप्पल शोधण्यात जातो. शिवाय रेसरच्या चार मिनिटांतली दोनेक मिनिटे तरी साध्या सायकलवरच कोपरे वाकवून, छाती खाली नेऊन फुकट मिळतात. सीट नीट हवी : टाच पायडलवर ठेवून पाय पूर्ण खाली नेला की गुडघा सरळ व्हावा. आमच्याकडे दहातल्या सात सायकलींची सीट याहून बरीच खाली असते, कारण दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत असे लहानपणी शिकवलेले असते.

म्हणून घरात चालू स्थितीतली गिअरची सायकल असेल तर नवी घेऊ नये. मडगार्ड, कॅरिअर, घोडा काढून टाकावा, चेन रॉकेलने धुऊन तेल द्यावे, ब्रेकचे रबर बदलावे, टायर बदलावेत. काळी, दांडीब्रेकची जुनी सायकल असेल तर आयोजकांना आधी विचारावे. दोन्ही चाकांना चालणारे ब्रेक ही सर्वत्र अट असते, आणि पावसात भिजलेला दांडीब्रेक ही अट पाळेलच असे नाही. नवी घ्यायचीच तर पंधरा-वीस हजारांत बारीक टायरची साधी गिअर सायकल पुष्कळ झाली.

रेसर घेणाऱ्यांना एक इशारा. परदेशी धाटणीच्या सायकलींच्या ट्यूबला बारीक, पितळी, वर स्क्रू असलेला व्हॉल्व्ह असतो. आपल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. जुन्या देशी सायकलींचा व्हॉल्व्ह वेगळा, मोटारसायकलचा तिसरा. पन्नास-शंभर रुपयांचा पितळी अ‍ॅडॅप्टर खिशात ठेवला की हा प्रश्न मिटतो; नसेल तर पंधरा किलोमीटर सायकल खांद्यावर. आणि पंक्चर होणारच. गोदाकाठी वेडी बाभूळ आहे तोवर काट्यांना तोटा नाही. टायरच्या आत जुन्या ट्यूबची पट्टी घालण्याची आपली युक्ती सरावाला उत्तम. चाक थोडे जड पळते, ते चालते. शर्यतीच्या आठवड्यात पट्टी काढावी. जादा ट्यूब, दोन पाने, छोटा पंप, आणि मुख्य म्हणजे स्वतः ट्यूब बदलण्याचा सराव, कारण स्पर्धेत बाहेरच्या माणसाची मदत घेतली तर बाद ठरण्याची शक्यता असते.

हेल्मेटवर तडजोड नाही. हजार-दीड हजारात युरोपीय प्रमाणाचा ‘ईएन १०७८’ हा शिक्का असलेले हेल्मेट मिळते. महाग हेल्मेटमध्ये वारा अधिक खेळतो, डोके काही अधिक वाचत नाही. वापरलेले हेल्मेट घेऊ नये, एकदा आपटलेले तर नाहीच. आतला फोम चिरला तरी बाहेरून कळत नाही. नियम असा की स्टँडवरची सायकल हातात घेण्यापूर्वी हेल्मेटचा बंद लागलेला असावा आणि सायकल परत ठेवल्यावरच सुटावा. नवखे इथे सर्वाधिक चुकतात. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचे हवीत, नाहीतर पडल्यावर ती पोकळ नळी पोटात घुसते. बूच हरवले असेल तर बाटलीचे बूच ठोकावे.

दिव्यांबद्दल परदेशी यादी गप्प असते, मला गप्प बसता येत नाही. नोव्हेंबरपासून साखर कारखान्यांचा हंगाम, आणि आमच्या रस्त्यांवर पहाटे उसाच्या ट्रॉल्या. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, परावर्तकही चिखलाने झाकलेला. सराव नेमका याच महिन्यांत आणि याच वेळी होतो. पुढे पांढरा, मागे लाल लुकलुकणारा, दोन्ही मिळून चार-पाचशे रुपये. हे स्पर्धेचे सामान नव्हे. स्पर्धेपर्यंत पोहोचण्याचे आहे.

धावण्याला फार शब्द नकोत. भरतीचा सराव करणाऱ्याकडे जे बूट आहेत तेच सायकललाही वापरावेत. पायडलला अडकणारे खास बूट पहिल्या वर्षी नकोत. नाड्यांऐवजी शिंप्याकडचे बारीक इलॅस्टिक ओवले की ओल्या पायाने बूट पाच सेकंदांत चढतो. नंबर लावायला कमरेचा खास पट्टा विकतात. रुंद इलॅस्टिकला एक बक्कल आणि दोन सेफ्टी पिना लावल्या की तोच पट्टा झाला. काखेत, मानेला, मांडीला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन. उघड्या अंगाने सायकल किंवा धावणे बहुतेक ठिकाणी चालत नाही, म्हणून घट्ट बनियनसारखा खेळाचा टी-शर्ट पोहण्याआधीच घालावा. ओल्या अंगावर तो चढत नाही, हे एकदा करून पाहिलेल्याला सांगावे लागत नाही. घड्याळ साधे, पाण्यात चालणारे, स्टॉपवॉच असलेले. कानात गाणी लावायची परवानगी नसते.

बेरीज करू. सायकल घरची धरली तर यंदाच्या भावाने अंदाजे : हेल्मेट १,२००, टायर-ट्यूब १,८००, दिवे ५००, पंप आणि पंक्चरचे सामान ५००, गॉगल ५००, पोहण्याचा पोशाख ६०० (मुलींना त्याच्या दुप्पट), फुगा १,०००, बूट नवे लागले तर ३,०००. नऊ हजारांच्या घरात. स्पर्धेची प्रवेश फी आणि पोहण्याचे शिक्षण याच्या बाहेर. हेही एकदम जड वाटेल तर क्रम असा लावावा : आधी तलावाची फी, गॉगल आणि पोशाख, चारशे मीटर न थांबता पोहता येऊ लागले की हेल्मेट आणि दिवे, टायर शर्यतीच्या महिनाभर आधी. चारशे मीटर जमलेच नाहीत तर पुढचे पैसे वाचले, हा या क्रमाचा दुसरा फायदा. दोघातिघांनी मिळून फुगा, पंप आणि पाने घेतले तर खर्च आणखी उतरतो. पंप एका वेळी एकालाच लागतो.

दुसऱ्या-तिसऱ्या स्पर्धेनंतर हात मोकळा असेल तर पहिली खरेदी हँडलवर कोपरे टेकायच्या लांब दांड्यांची करावी, सायकलची नव्हे. १९८९च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँडने अशाच दांड्या लावल्या होत्या, आणि तीन आठवड्यांची ती शर्यत त्याने आठ सेकंदांनी जिंकली. त्याचा प्रतिस्पर्धी लोराँ फिन्यों साध्या हँडलवर, केसांची शेपटी वाऱ्यावर सोडून आला होता. दांड्या तीन-चार हजारांत बसतात, पण गर्दीच्या रस्त्यावर वापरू नयेत. त्या धरल्या असताना हात ब्रेकपासून लांब असतात.